पैसा भागधारकांचा, चावी प्रवर्तकाची

कंपनीचा मालक कोण आणि तिची चावी कुणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कंपनी कायदा, कंपन्यांचा कारभार आणि भांडवल बाजाराचे नियमन यांवर गेल्या शंभरेक वर्षांत जे संशोधन झाले, ते बहुतेक या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेतून उगवले आहे. अमेरिकी अभ्यासकांना त्या जागेत विखुरलेले लाखो भागधारक आणि त्यांना न जुमानणारे पगारी व्यवस्थापक दिसले. भारतातल्या अभ्यासकांना दिसला तो थोड्या भांडवलावर मोठा कारखाना चालवणारा एजंट, आणि पुढे त्याच जागी आलेला प्रवर्तक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला प्रमोटर. भारतीय कायद्याने मात्र पुष्कळदा एका रोग्याचे औषध दुसऱ्याला दिले आहे.

या कथेची सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढल्या तशी ‘मॅनेजिंग एजन्सी’ची पद्धत रुळली. गिरणी ही भागभांडवलावर उभी राहिलेली कंपनी. पण तिचा कारभार एका पेढीकडे करार करून सोपवलेला. करार दीर्घ मुदतीचा, अनेकदा बापाकडून मुलाकडे जाणारा. मोबदल्याची रीत तर खास होती. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला एजंटाला नफ्यावर हिस्सा मिळत नसे. तयार मालाच्या दर पौंडामागे पाव आणा मिळे. साहजिकच गिरणी तोट्यात असली तरी माल काढत राहण्यात एजंटाचा फायदा होता. तोटा भागधारकांचा, दलाली एजंटाची. कापूसखरेदी, कापडविक्री, यंत्रसामग्रीची आयात या प्रत्येक टप्प्यावर त्याच पेढीला आणखी काही सुटत असे, ते वेगळेच.

या पद्धतीचा पहिला व्यवस्थित अभ्यास दोन महायुद्धांमधल्या काळात झाला. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा इंग्रजी ग्रंथ १९२४ मध्ये आला, पी. एस. लोकनाथन यांनी १९३५ मध्ये भारतीय औद्योगिक संघटनेवर पुस्तक लिहिले. लोकनाथन यांनी एजंटांना सरसकट खलनायक ठरवले नाही. उद्योगाला दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या बँका नव्हत्या, नवी कंपनी उभारून देणाऱ्या संस्था नव्हत्या. अशा वेळी एजंटाच्या नावावर लोक गिरणीत ठेवी ठेवत आणि त्याच्या सहीवर बँक कर्ज देई. म्हणजे बाजारात जे नव्हते ते एजंट पुरवत होता आणि त्याची किंमत मनाला येईल तशी लावत होता. पासष्ट वर्षांनी हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी भारतीय उद्योगसमूहांबद्दल हेच म्हणणे नव्या परिभाषेत मांडले, तेव्हा ते फार नवे वाटले होते.

भांडवल बाजाराच्या नियमनाचा पहिला मोठा धडाही मुंबईच्याच वाट्याला आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शहरात कंपन्यांचे पीक आले. युद्ध संपले, आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. चौकशी आयोगाने बोट ठेवले ते बँकेच्या सनदेत १८६३ मध्ये झालेल्या बदलावर: शेअर तारण ठेवून कर्ज देण्यावरचे जुने निर्बंध त्या बदलाने सैल केले होते. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये या प्रकरणाचा इतिहास लिहिला. नियम सैल झाल्यावर फुगा फुगतो आणि फुटल्यावर नियम येतो, हा क्रम पुढे अनेकदा आला. १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या वर्षीच सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाला वैधानिक अधिकार मिळाले, हेही त्याच क्रमाचे उदाहरण.

गिरण्यांचे एजंट दलाली मोजत असतानाच पश्चिमेत या विषयाचे शास्त्र तयार होत होते. दुसऱ्यांचा पैसा सांभाळणारे संचालक स्वतःच्या पैशाइतकी काळजी घेणार नाहीत, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवले होते. पण आकडेवारीच्या आधारे हा मुद्दा मांडला तो ॲडॉल्फ बर्ल आणि गार्डिनर मीन्स यांनी, १९३२ मध्ये. अमेरिकेतल्या दोनशे सर्वांत मोठ्या कंपन्या तपासून त्यांनी दाखवले, की त्यांपैकी अनेकींमध्ये ताबा ठेवण्याइतका हिस्सा कुणाकडेच उरलेला नाही. मालक असंख्य झाले आणि सत्ता व्यवस्थापकांकडे गेली. कंपनी मुळात असतेच का, हा रोनाल्ड कोस यांचा १९३७ चा प्रश्न त्याला समांतर होता. १९७६ मध्ये मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी दोन्ही धागे एकत्र विणले. मालक आणि त्याच्या वतीने काम करणारा यांचे हित जुळत नाही, म्हणून देखरेख ठेवावी लागते, हमी घ्यावी लागते, आणि एवढे करूनही काही नुकसान होतेच. या सगळ्याची बेरीज म्हणजे प्रतिनिधी-खर्च. त्यानंतरच्या अमेरिकी संशोधनातली बहुतेक शस्त्रे, म्हणजे स्वतंत्र संचालक, शेअरच्या किमतीशी जोडलेला पगार, कंपनी बळकावण्याची भीती, याच भात्यातली आहेत. ती सगळी व्यवस्थापकाला वेसण घालण्यासाठी घडवलेली होती.

भारतात मात्र वेसण घालायची होती ती मालकालाच, किंवा मालक म्हणवणाऱ्याला. हे आकड्यांनी सिद्ध करण्याचे श्रेय मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांना जाते. खासगी कंपनी क्षेत्राची रचना आणि त्यातील मालकी व ताबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारी यांनी १९५१ आणि १९५८ अशी दोन वर्षे निवडून वीस उद्योगसमूहांच्या कंपन्यांमधील भागधारणेचे जाळे उलगडले. कुणाची कुठे किती भागधारणा, कोणत्या कंपनीने दुसऱ्या कोणत्या कंपनीत पैसे घातले, कोण संचालक कुठे बसतो, हे एकेक धागा पकडून पाहावे लागले. समूहाच्या पूर्ण कह्यात असलेल्या कंपन्यांचे आतले वर्तुळ आणि वाटणीचा ताबा असलेल्या कंपन्यांचे बाहेरचे वर्तुळ, अशी मांडणी त्यांनी केली. संगणकीय माहितीसाठा हाताशी नसताना केलेले हे काम आजही चकित करते. कंपनी हे कायद्यातले एकक असले तरी निर्णयाचे एकक समूह आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया ठरला. राजकारण्यांनी मात्र त्यातली आर्थिक केंद्रीकरणाची बाजू तेवढी उचलली. १९६९ चा मक्तेदारी कायदा त्या वातावरणातला. ताब्याचा प्रश्न बाजूलाच राहिला.

एजंटांवर कायद्याचा फास हळूहळू आवळला गेला. १९३६ च्या दुरुस्तीने त्यांचा मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला आणि कराराला वीस वर्षांची मर्यादा घातली, १९५६ च्या कंपनी कायद्याने मोबदल्याला दहा टक्क्यांची कमाल मर्यादा आणली, आणि एप्रिल १९७० मध्ये ही पद्धतच रद्द झाली. पद्धत गेली, माणसे राहिली. एजंट पेढीचे भागीदार कंपनीचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांचा स्वतःचा हिस्सा अनेक ठिकाणी अगदी किरकोळ होता. उरलेला मोठा वाटा आयुर्विमा महामंडळ, युनिट ट्रस्ट आणि औद्योगिक वित्तसंस्थांकडे होता आणि या संस्था सहसा गप्प बसत. १९८३ मध्ये ब्रिटनमधले उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्‌स आणि डीसीएम या कंपन्यांचे शेअर बाजारातून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हे गुपित उघडे पडले. त्या वादातून सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा एस्कॉर्ट्‌स निकाल आला, जो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. जैरस बनाजी आणि गौतम मोदी यांनी २००१ मध्ये भारतीय खासगी क्षेत्रावर लिहिलेल्या दीर्घ निबंधात या काळाचे वर्णन आहे. तो मुख्यतः मुलाखतींवर आधारलेला असल्यामुळे आकडेमोडीच्या संशोधनात सहसा न सापडणारी एक गोष्ट त्यात सापडते: संचालक मंडळाच्या बैठकीत प्रत्यक्षात काय होते.

उदारीकरणानंतर चित्र बदलले, पण अपेक्षित दिशेने नव्हे. कंपनी बळकावली जाण्याच्या धास्तीने प्रवर्तकांनी आपला हिस्सा वाढवला. आज शेअर बाजारात नोंदलेल्या खासगी कंपन्यांत प्रवर्तकाकडे निम्म्याच्या आसपास भागभांडवल असणे नेहमीचे आहे. नियमाने तो ७५ टक्क्यांपर्यंत ठेवू शकतो. बर्ल आणि मीन्स यांनी वर्णन केलेली कंपनी भारतात अपवादानेच आढळते.

आणि नेमके याच काळात कारभाराचे नियम आले ते ब्रिटन-अमेरिकेतून. लंडनच्या कॅडबरी समितीचा अहवाल १९९२ चा. राहुल बजाज यांच्या अध्यक्षतेखाली सीआयआय या उद्योगसंघटनेच्या गटाने तयार केलेली ऐच्छिक संहिता १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. सेबीने १९९९ मध्ये कुमारमंगलम बिर्ला समिती नेमली आणि फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारांच्या नोंदणी करारात प्रसिद्ध ‘कलम ४९’ आले. स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षण समिती, प्रकटीकरण अशी सगळी सामग्री त्यात होती. सिंगापूरमध्ये अध्यापन करणारे कायदेतज्ज्ञ उमाकांत वरोट्टिल यांनी २००९ मध्ये या कलमाची तुलना परक्या मातीत लावलेल्या रोपाशी केली. त्यांचा आक्षेप साधा आहे. विखुरलेल्या भागधारकांच्या देशात स्वतंत्र संचालक व्यवस्थापकावर नजर ठेवतो. प्रवर्तकांच्या देशात त्या संचालकाची नेमणूक प्रवर्तकाच्याच मतांनी होते आणि त्याला घरी पाठवायलाही तीच मते पुरतात. ज्याच्यावर नजर ठेवायची तोच चौकीदार निवडणार, तर नजर कुठे असेल हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

भारतात हे नियम घडत होते त्याच सुमारास तुलनात्मक संशोधनात एक वादळ उठले होते. राफाएल ला पोर्ता, फ्लोरेन्सिओ लोपेझ-दे-सिलानेस, आंद्रे श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी या चौघांनी १९९८ मध्ये ४९ देशांच्या कायद्यांना गुण देऊन असा दावा केला, की इंग्रजी कायद्याच्या परंपरेतले देश छोट्या भागधारकाचे रक्षण अधिक चांगले करतात आणि म्हणून तिथले भांडवल बाजार मोठे होतात. या निबंधाने एक अख्खे संशोधनक्षेत्र उभे केले. जागतिक बँकेच्या धोरणांवरही त्याची छाप पडली. पण गुण देण्याच्या रीतीतच गडबड होती. होल्गर स्पामान यांनी २०१० मध्ये स्थानिक वकिलांच्या मदतीने तेच गुण पुन्हा मोजले, तेव्हा मूळ निष्कर्षांपैकी बरेच टिकले नाहीत. भारताचे उदाहरण तर या सिद्धांताला आधीपासूनच अडचणीचे होते: कागदावर कायदा उत्तम, अंमलबजावणी दुबळी, आणि तरीही वाढता बाजार. फ्रँकलिन ॲलन, राजेश चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचा उलगडा नाती, पत आणि व्यापारी समाजातली अब्रू यांतून केला. भारतीय उद्योग न्यायालयावर विसंबून नसतात, ओळखीवर विसंबून असतात. जॉन आर्मर आणि प्रिया लेले यांनी २००९ मध्ये वेगळी वाट सुचवली: न्यायालये तुंबलेली असताना सेबी आणि शेअर बाजार यांसारख्या नव्या संस्थांनी त्यांना वळसा घालून भांडवल बाजारापुरता कायदा चालता ठेवला. दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य आहे. ओळखीची व्यवस्था मात्र ओळख नसलेल्या छोट्या गुंतवणूकदाराच्या कामाची नाही, हे पहिल्या स्पष्टीकरणातले दुखरे ठिकाण.

भारताबद्दलचे सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त संशोधन उद्योगसमूहांवरचे आहे. हार्वर्डच्या तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांनी २००० मध्ये १९९३ च्या आकड्यांवरून दाखवले, की समूहाचा पसारा वाढत जातो तशी त्यातल्या कंपन्यांची कामगिरी आधी घसरते, पण एका मर्यादेपलीकडे सुधारते. त्यांचे स्पष्टीकरण लोकनाथन यांच्या जवळचे आहे: भांडवल, व्यवस्थापक, विश्वासार्ह नाव यांचे बाजार जिथे अपुरे आहेत, तिथे मोठा समूह ते घरच्या घरी तयार करतो.

दोनच वर्षांनी मारियान बर्ट्रांड, पारस मेहता आणि सेंथिल मुल्लइनाथन यांनी याच समूहांची दुसरी बाजू समोर आणली. पैसा आतल्या आत एका कंपनीतून दुसरीत वळवण्याच्या प्रकाराला जगभर ‘टनेलिंग’ म्हणतात. हा शब्द चेक प्रजासत्ताकातल्या खासगीकरणाच्या काळातून आला. त्यामागचे गणित सोपे आहे. कुटुंबाचा ‘अ’ कंपनीत ५० टक्के हिस्सा, आणि ‘अ’चा ‘ब’ कंपनीत ५० टक्के. ‘ब’ने १०० रुपये कमावले तर कुटुंबाच्या वाट्याला २५ येतात. तेच १०० रुपये काही ना काही निमित्ताने ‘अ’मध्ये आणले तर ५० येतात, आणि कुटुंबाच्या खासगी पेढीत नेले तर सगळेच. कच्चा माल चढ्या दराने घेणे, बिनव्याजी कर्ज देणे, जागेचे भाडे फुगवणे, निमित्तांना तोटा नाही. पण हिशेबात हे उघड दिसत नाही, म्हणून संशोधकांनी चतुर युक्ती केली. एखाद्या उद्योगात सगळ्यांनाच अनपेक्षित लाभ झाला, तर तो प्रत्येक कंपनीच्या नफ्यात दिसायला हवा. समूहातल्या ज्या कंपन्यांत कुटुंबाचा खरा वाटा लहान होता, तिथे तो पुरेसा दिसला नाही; जिथे वाटा मोठा होता तिकडे सरकलेला दिसला. आणि सरकण्याची वाट बरीचशी धंद्याबाहेरच्या उत्पन्न-खर्चातून जात होती.

हा निबंध वाचल्यावर कुणालाही वाटेल, की प्रकरण मिटले. तसे झाले नाही. जॉर्डन सीगल आणि पृथ्वीराज चौधरी यांनी २०१२ मध्ये त्याच भारतीय आकड्यांकडे परत जाऊन दाखवले, की समूहातल्या आणि समूहाबाहेरच्या कंपन्यांची व्यवसायाची धोरणेच वेगळी असतात. तो फरक हिशेबात घेतला तर टनेलिंगचा पुरावा विरून जातो. या वादात कुणाची बाजू घ्यावी? सांख्यिकीच्या कसोटीवर नंतरची टीका वजनदार आहे. पण धोरणातला फरक हा स्वतः कुठून येतो, या प्रश्नाला ती हात घालत नाही. प्रत्येक समूहाला एकच शिक्का मारता येणार नाही, एवढे तरी या झटापटीतून निश्चित झाले.

स्वतंत्र संचालकांबद्दलचे संशोधन त्यामानाने शांत होते; ते ढवळले सत्यमने. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाच्याच मेटास या नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याला मंजुरी दिली. मेटास म्हणजे इंग्रजी अक्षरांत सत्यम उलटे लिहिलेले. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून सुमारे सात हजार कोटींचा हिशेब खोटा असल्याचे कबूल केले. काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. स्वतंत्र संचालकांची संख्या नियमापेक्षा कमी नव्हती. मंडळावर बिगरकार्यकारी संचालक म्हणून भारतीय उद्योगसमूहांवर अधिकारवाणीने लिहिणारे कृष्णा पालेपूही होते. संचालकाची विद्वत्ता आणि नजरेसमोर येणारी कागदपत्रे यांत किती अंतर असू शकते, याचा इतका बोचरा दाखला कोणत्याही निबंधात मिळणार नाही.

स्वतंत्र संचालक निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष मात्र आकडेवारीतून निघत नाही. मुंबईत गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील जयती सरकार आणि सुब्रत सरकार यांनी २००९ मध्ये दाखवले, की एकाच वेळी अनेक कंपन्यांवर असलेले स्वतंत्र संचालक कंपनीच्या मूल्याला पोषक ठरतात, आणि आतले संचालक अनेक ठिकाणी असतील तर उलट घडते. अनेक खुर्च्या म्हणजे दुर्लक्ष, हा अमेरिकेतला समज इथे तसाच लागू पडत नाही. नामवंत माणसाला जपायला नाव असते. पण नावाची ढाल प्रवर्तकाच्या मतांपुढे किती टिकते, ते २०१६ मध्ये दिसले. सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवल्यानंतर त्यांची बाजू घेणारे स्वतंत्र संचालक नस्ली वाडिया यांना त्या डिसेंबरात टाटा समूहाच्या तीन कंपन्यांच्या विशेष सभांमध्ये मतदानाने काढून टाकण्यात आले. सेबीने २०२१ मध्ये सुधारणा सुचवली ती याच दुखण्यावर: स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला प्रवर्तकेतर भागधारकांच्या बहुमताचीही संमती असावी. अंतिम नियमात ते जाऊन तीन चतुर्थांश मतांचा विशेष ठराव आला. एक चतुर्थांशाहून अधिक मते हाती असलेला प्रवर्तक, २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत, अशा ठरावात नावडत्या माणसाची नेमणूक रोखू शकत होता.

मग नियमांनी काही साधते का? गेल्या दोन दशकांतले बरेचसे काम या प्रश्नावर आहे आणि त्याचे मुख्य हत्यार म्हणजे घटनेच्या आसपासच्या शेअर किमतींचा अभ्यास. बर्नार्ड ब्लॅक आणि विक्रमादित्य खन्ना यांनी मे १९९९ मध्ये बिर्ला समिती नेमल्याची घोषणा झाली त्या दिवसांकडे पाहिले. नियम आधी ज्यांना लागू होणार होते त्या मोठ्या कंपन्यांचे शेअर लहान कंपन्यांच्या तुलनेत सुमारे ४ टक्क्यांनी वर गेले. धम्मिका धर्मपाल आणि खन्ना यांनी पुढचा, अधिक महत्त्वाचा प्रश्न विचारला. कलम ४९ मोडल्यास २००४ पर्यंत जबर शिक्षा नव्हती. त्या वर्षी २५ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. तिने कंपन्यांचे मूल्य दहा टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. दोन आकडे शेजारी ठेवले की या सगळ्या साहित्यातला सर्वांत पक्का धडा दिसतो: बाजाराने नियमाला दिलेल्या किमतीपेक्षा शिक्षेला दिलेली किंमत मोठी होती.

दुसरा भक्कम पुरावा मतदानाचा. २०१३ चा कंपनी कायदा आणि सेबीचे २०१४ चे नियम यांमुळे प्रवर्तकाच्या नातेसंबंधातल्या मोठ्या व्यवहारांवर प्रवर्तकाला मत देता येईनासे झाले. निर्णय बाकीच्या भागधारकांकडे गेला. नान ली यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार या बदलानंतर असे व्यवहार घटले आणि भागधारकांचा लाभ झाला. मारुती सुझुकीच्या गुजरात प्रकल्पाचे उदाहरण या बदलाच्या उंबरठ्यावरचे. २०१४ च्या सुरुवातीला प्रकल्प जपानी सुझुकीकडे देण्याचे जाहीर झाले, म्युच्युअल फंडांनी विरोध केला, अटी बदलाव्या लागल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये इतर भागधारकांच्या मतांनीच प्रस्ताव संमत झाला. ठराव शेवटी मंजूर झाला म्हणून विरोध वाया गेला, असे म्हणणे चूक ठरेल. बदललेल्या अटी ही त्या मताची किंमत होती.

सगळेच नियम असे यशस्वी नाहीत. प्रत्येक मोठ्या नोंदणीकृत कंपनीवर एक तरी स्त्री संचालक हवी, या नियमाची पूर्तता अनेकांनी प्रवर्तकाच्या घरातूनच केली. सामाजिक दायित्वासाठी नफ्याच्या दोन टक्के खर्च करण्याच्या सक्तीवरही बरेच संशोधन झाले आहे. हरिओम मंचिराजू आणि शिवराम राजगोपाल यांनी २०१७ मध्ये दाखवले, की ज्या कंपन्यांना हा खर्च सक्तीने करावा लागणार होता त्यांचे शेअर सुमारे ४ टक्क्यांनी घसरले. धर्मपाल आणि खन्ना यांना आणखी एक गंमत सापडली: आधीपासून दोन टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी कायदा आल्यावर खर्च कमी केला. सरकारने किमान ठरवले आणि त्यांनी तेच पुरेसे मानले.

या संशोधनाच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. त्यातले बरेचसे एकाच विहिरीचे पाणी पिते: मुंबईतल्या सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेचा ‘प्रोवेस’ हा माहितीसाठा. तो मोलाचा आहे. पण तो कंपन्यांनी छापलेल्या हिशेबांवर उभा आहे आणि सत्यमचा हिशेबही छापलेलाच होता. प्रवर्तकांच्या खासगी पेढ्या, जिथे पैसा वळवला जातो असा संशय असतो, त्या या चित्रात अंधुक राहतात. शिवाय शेअरची दोन दिवसांची चढण बाजाराची अपेक्षा मोजते. दहा वर्षांनी प्रत्यक्षात काय घडले ते तिला ठाऊक नसते.

न्यायालयीन बाजूचा अभ्यास सगळ्यांत थोडा, आणि खरी उणीव तिथेच आहे. सत्यमच्या अमेरिकी गुंतवणूकदारांना सामूहिक दाव्यात कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर आणि लेखापरीक्षकांकडून सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले. भारतीय भागधारकांना तेव्हा असा मार्गच नव्हता. तो २०१३ च्या कायद्याच्या कलम २४५ ने आला, २०१६ मध्ये लागू झाला आणि फारसा वापरला गेलेला नाही.

ताबा आणि मालकी यांची फारकत फक्त कंपन्यांत होते असे मात्र नाही. या विषयावरचा एक अत्यंत देखणा निबंध महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर आहे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. मॅनेजिंग एजन्सीच्या काळातल्या उद्योगांचा अभ्यास केलेल्या माणसाने पर्यायी रचना हाती घेतली होती. सभासद हाच मालक, एका सभासदाला एकच मत. बी. एस. बाविस्कर यांनी १९८० च्या पुस्तकात या कारखान्यांचे राजकारण समाजशास्त्राच्या नजरेने उलगडले. २००१ मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी १९७१ ते १९९३ या काळातल्या जवळपास शंभर कारखान्यांचे आकडे घेतले. त्यांचा युक्तिवाद असा. उसाला भाव सगळ्या सभासदांना एकच द्यावा लागतो, म्हणून बडा बागाईतदार स्वतःसाठी वेगळा भाव काढून घेऊ शकत नाही. पण कारखान्यावर त्याचा वरचष्मा असेल तर तो सगळ्यांचाच भाव खाली ठेवून शिल्लक कारखान्यात साठवू शकतो आणि त्या शिलकीचा विनियोग आपल्या मर्जीने करू शकतो. भाव कमी झाल्याचा त्यालाही फटका बसतो. शिलकीवरचा ताबा त्याहून जास्त देऊन जातो. जमीनधारणेतली विषमता जिथे जास्त, तिथे उसाचा भाव कमी आणि गाळपक्षमताही कमी, हे आकड्यांनी दाखवले. एजंटाचा पाव आणा इथे उसाच्या टनामागे कापला जात होता, एवढाच फरक.

या चौघांची आकडेवारी १९९३ पाशी थांबते. त्यानंतर राज्यातले अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि ते खासगी कंपन्यांनी विकत घेतले. त्या कंपन्या बहुधा शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत. त्यामुळे सहकारातली सभासदांची वार्षिक सभा त्यांना नाही आणि सेबीचे प्रकटीकरणाचे नियमही त्यांना लागू नाहीत.